आसरा देणारी शहरे

प्राचीन इस्राएलच्या कायद्याने सहा शहरे आसऱ्यासाठी राखून ठेवली होती. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन. पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान. मराठी बायबलात त्यांना शरणपुरे म्हटले आहे. हातून नकळत कुणाचा जीव गेला, तर त्या माणसाने या सहांपैकी एक शहर गाठायचे. त्यासाठी दिलेले उदाहरण अगदी रोजच्या जगण्यातले आहे. दोघे लाकडे तोडायला रानात जातात, एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते, दुसऱ्याला लागते आणि तो मरतो. मेलेल्याच्या नातलगाने रक्ताचा बदला घ्यावा, हा त्या काळचा रिवाज होता. ज्याची कुऱ्हाड निसटली त्याला त्या बदल्यापासून वाचवणे, हे शरणपुराचे काम.

हे काम कसे करायचे, याचाही बारीक विचार केलेला दिसतो. पळत आलेल्या माणसाने वेशीत उभे राहून गावच्या वडीलधाऱ्यांना आपली हकिगत सांगायची. त्यांनी त्याला आत घ्यायचे आणि राहायला जागा द्यायची. पुढे चौकशी होई. मुद्दाम खून केलेला निघाला तर शहर त्याला पाठीशी घालत नसे. निर्दोष ठरलेल्यानेही प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत तिथेच राहायचे, मग घरी परतायचे. ही सोय फक्त इस्राएली लोकांसाठी नव्हती. त्यांच्यात राहणाऱ्या परक्यालाही ती होती.

नंतरच्या शतकांत यहुदी पंडितांनी या तरतुदींवर जी चर्चा केली, ती तालमूदमध्ये आहे आणि ती मूळ कायद्याइतकीच वाचण्यासारखी आहे. शरणपूर फार मोठे नसावे, फार लहानही नसावे. तिथे पाणी हवे, बाजार हवा. त्याच्याकडे जाणारे रस्ते नीट राखलेले हवेत आणि चौकाचौकात दिशा दाखवणारी खूण हवी, म्हणजे जिवाच्या भीतीने पळणाऱ्याला वाट विचारत थांबावे लागणार नाही. शिष्याला शरणपुरात जावे लागले तर त्याच्या गुरूनेही त्याच्याबरोबर जावे, कारण शिकणे थांबले तर माणूस जिवंत राहून उपयोग काय, असा पंडितांचा सवाल होता. याजकाच्या मृत्यूनंतरच सुटका होणार असल्याने आश्रितांनी त्याच्या मरणाची प्रार्थना करू नये, म्हणून याजकांच्या आया या लोकांना अन्नवस्त्र पुरवत, अशीही नोंद आहे. आसरा म्हणजे डोक्यावर छप्पर एवढीच समजूत असती तर इतका खल झालाच नसता. रस्ता, पाणी, बाजार, शिक्षण आणि वेशीत ऐकून घेणारे कुणीतरी, असा आसऱ्याचा पुरा हिशोब या पंडितांनी मांडला आहे.

विसाव्या शतकातले फ्रेंच तत्त्वज्ञ इमान्युएल लेविनास यांनी या चर्चेचा आजच्या शहरांच्या संदर्भात नवा अर्थ लावला. शरणपुरातला माणूस अर्धा दोषी असतो आणि अर्धा निर्दोष. त्याने जीव घेतलेला असतो, पण त्याला तो घ्यायचा नसतो. सुखवस्तू शहरांत राहणाऱ्यांची अवस्था अशीच आहे, असे लेविनास म्हणतात. आपल्या सुखसोयींची किंमत दूर कुठेतरी दुसरे कुणी मोजत असते. ते ठाऊक नसल्याने आपण निर्दोष, आणि ते खरे असल्याने दोषी. शहर जसे बाहेरून आलेल्यांना आसरा देते, तसेच ते आतल्यांना त्यांच्या कृत्यांच्या परिणामांपासून आडोसा देते. हा विचार अस्वस्थ करणारा आहे, आणि शहराविषयीच्या कोणत्याही चिंतनात तो वगळता येण्यासारखा नाही.

शरणपूर हे नाव महाराष्ट्राला तसे अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांनी नाशिकजवळ वसाहत उभारली, तिचे नाव शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे ठेवत, शिकवत, सुतारकी-लोहारकीसारखी कामे देत. त्यांतले काही पुढे आफ्रिकेत परतले. शोधप्रवासी लिव्हिंगस्टन यांचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि १८७४ मध्ये लंडनला झालेल्या अंत्यविधीलाही तो हजर होता. नाशिकमध्ये शरणपूर रोड आजही आहे.

आसरा मिळणे आणि शहराचे होणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते अथेन्समध्ये. बाहेरून येऊन तिथे स्थायिक झालेल्यांना मेटिक म्हणत. ते व्यापार करत, कारागिरी करत, लढाईतही भाग घेत. पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा, स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीला ६ द्राख्मा असा खास कर होता. शिवाय एका नागरिकाला आपला पालक म्हणून नोंदवावे लागे. जमीन मात्र त्यांना विकत घेता येत नसे आणि नगरसभेत बसता येत नसे. कित्येक मेटिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहून मेटिकच राहिली.

अशाच एका मेटिकाने पाश्चात्त्य विचारातली नागरिकाची सर्वांत गाजलेली व्याख्या केली. अ‍ॅरिस्टॉटल उत्तरेकडच्या स्टॅगिराचा. सतराव्या वर्षी तो अथेन्सला आला, प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षे राहिला, पुढे परत येऊन त्याने स्वतःची शाळा काढली. पण ज्या जागेवर ती भरे ती त्याच्या मालकीची होऊ शकत नव्हती. एखाद्या ठिकाणी नुसते राहिल्याने कुणी नागरिक होत नाही, न्याय करण्यात आणि कारभारात ज्याचा वाटा असतो तोच नागरिक, असे त्याने ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिले. या व्याख्येनुसार तो स्वतः बाहेरचाच ठरतो. इसवी सनपूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध वारे फिरले, त्या राज्याशी जवळीक असलेल्या अ‍ॅरिस्टॉटलवर अधर्माचा आरोप आला आणि त्याला शहर सोडून खाल्किसला जावे लागले. पुढच्याच वर्षी तो तिथे वारला. आयुष्यातली तीसएक वर्षे ज्या शहराला दिली, तिथे त्याची बाजू घेणारी राजकीय ताकद उलटली तेव्हा त्याच्या हाती हक्क म्हणून काही नव्हते.

मध्ययुगीन जर्मन शहरांनी हे अंतर एका नियमाने कमी केले. जमीनदाराच्या ताब्यातून पळालेले कूळ शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिले, आणि तेवढ्या काळात मालकाने त्याच्यावर दावा सांगितला नाही, तर ते स्वतंत्र होई. कालावधी ठरलेला आणि सर्वांना माहीत असलेला होता, हे त्यातले महत्त्वाचे. दिवस गेले की हक्क पक्का होत असे.

पुढे राष्ट्रे उभी राहिली, सीमा आखल्या गेल्या आणि आसऱ्याचा प्रश्न शहराच्या वेशीवरून देशाच्या सीमेवर गेला. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९५ मध्ये ‘शाश्वत शांतता’ या निबंधात त्यावर विचार केला. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसे अमर्याद पांगू शकत नाहीत, म्हणून त्यांना एकमेकांच्या शेजाराने राहावेच लागणार. कुठल्याही जागेवर मुळात कुणा एकाचा दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नाही. म्हणून परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क आहे, आणि परत पाठवल्याने त्याचा नाश होणार असेल तर त्याला परत पाठवता येणार नाही. कांटने हा हक्क दयेच्या नव्हे, न्यायाच्या खात्यावर मांडला, हे त्याचे मोठेपण. पण हा हक्क भेटीचा आहे, वास्तव्याचा नाही, अशी मर्यादाही त्यानेच घातली. त्यामागे कारण होते. युरोपीय सत्ता भेटीच्या नावाखाली दुसऱ्यांचे देश बळकावत होत्या, आणि हिंदुस्थानचे उदाहरण त्याने त्याच निबंधात दिले आहे.

कांट पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये जन्मला आणि त्या परिसराच्या बाहेर फारसा कधी गेलाच नाही. त्याच शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजकीय विचारवंत हाना आरेंट लहानाची मोठी झाली. ती यहुदी. १९३३ मध्ये तिने जर्मनी सोडली, पॅरिसला राहिली, १९४० मध्ये फ्रान्सनेच तिला गुर्सच्या छावणीत डांबले, तिथून निसटून ती लिस्बनमार्गे १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. १९५१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत ती कोणत्याच देशाची नव्हती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिने अनुभवातून आलेला एक कठोर निष्कर्ष मांडला. मानवी हक्क माणसाला जन्मतःच मिळतात असे म्हणतात. पण ज्याच्याजवळ माणूसपणाखेरीज काही उरले नाही, त्यालाच ते कुणी देत नाही. सगळ्या हक्कांच्या आधी एक हक्क लागतो, तो म्हणजे आपले म्हणणे आणि आपली कृती जिथे मोजली जाते अशा एखाद्या समाजाचा घटक असण्याचा. क्योनिग्सबर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेले, १९४६ मध्ये त्याचे कालिनिनग्राद झाले आणि तिथल्या जर्मन रहिवाशांना हाकलण्यात आले. कांटची कबर तेवढी जुन्या कॅथेड्रलला लागून राहिली.

आरेंटच्या या म्हणण्याची कसोटी पाहायला कोल्हापूरजवळच्या वळीवड्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. पंचगंगेच्या काठच्या या गावाने पाच-सहा वर्षांच्या आत दोन वेगवेगळ्या लोकांना आसरा दिला.

पहिले लोक पोलंडचे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि १९४० पासून तिथल्या लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला नेले. १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. कॅस्पियन समुद्र ओलांडून ती माणसे इराणला आली. त्यांतल्या काहींना हिंदुस्थानात जागा मिळाली. १९४३ मध्ये वळीवड्याला छावणी उभी राहिली आणि तिथे सुमारे ५,००० माणसे राहिली. बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी. धडधाकट पुरुष पोलिश सैन्यात गेलेले. कौलारू बराकींच्या ओळींत त्यांनी शाळा काढल्या, चर्च बांधले, दवाखाना चालवला, नाटके बसवली, स्काउटची पथके केली. खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारच्या नावे होत असे. उपासमार सोसून आलेल्या मुलांना इथे पोटभर अन्न आणि ऊन मिळाले, आणि कोल्हापूरकरांनी त्यांना परके मानले नाही, हे त्या मुलांनीच मोठेपणी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

पण वळीवडे त्यांचे गाव होणार नव्हते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरवले. जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारचे अस्तित्वच कागदावर संपले. छावणीतल्या माणसांची गावे आता दुसऱ्या देशात होती आणि त्यांच्या वतीने बोलणारे सरकार उरले नव्हते. १९४८ पर्यंत ती सगळी पांगली. काही पोलंडला, बरीचशी ब्रिटनला आणि इतर देशांत. काहीजण कोल्हापूरच्या मातीत कायमचे राहिले. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरी आहेत.

त्याच जागेत, त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन भाग झाले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी माणसाला भारतात आपला म्हणावा असा प्रांत उरला नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले आणि तिथले लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात. वळीवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. आज ती कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. कोल्हापूर, सांगलीपासून सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांपर्यंतची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला तिथे येतात. गादीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या दुकानांत व्यापारी मराठीत भाव सांगतो, हिशोबाचे घरच्यांशी सिंधीत बोलतो आणि निपाणीच्या गिऱ्हाइकाशी दोन वाक्ये कानडीतही बोलून जातो.

भिंती त्याच होत्या, हवापाणी तेच होते, शेजारची गावेही तीच. एकासाठी ती छावणी राहिली आणि दुसऱ्यासाठी गाव झाली, याचे कारण पोलिश लोक कमी कष्टाळू होते असे नव्हे, आणि कोल्हापूरच्या लोकांनी त्यांना कमी जीव लावला असेही नव्हे. फरक कायद्याचा होता. भारतीय राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्व दिले: १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन राहिलेल्यांना आपोआप, नंतरच्यांना नोंदणी करून. १९५४ च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देण्याची व्यवस्था केली. मत देता येत होते, दुकान घालता येत होते, नगरपालिकेला जाब विचारता येत होता. १९६७ मध्ये सिंधी भाषेचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. ज्या भाषेचा भूभाग देशात नाही, तिलाही देशाने आपले म्हटले. उपाशी, उघडे, दंगलीतून जीव वाचवून आलेल्या माणसांना उभे राहायला जे लागले ते प्रथम हे होते. माया त्याच्या जोडीने आली.

तरीही कायद्याने सगळेच मिळत नाही, हेही याच जागेवर कळते. छावणी उघडली त्याच १९४३ साली फ्रेंच विचारवंत सिमोन वेल लंडनमध्ये मूळ धरण्याच्या गरजेवर पुस्तक लिहीत होती. ऑगस्टमध्ये ती वारली आणि ते पुस्तक १९४९ मध्ये निघाले. मूळ धरणे ही माणसाच्या आत्म्याची बहुधा सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ओळखली गेलेली गरज आहे, असे तिचे म्हणणे. नागरिकत्व मिळालेल्या सिंधी पिढीची सिंधू नदी परत आली नाही. उलट, ज्यांना वळीवड्यात एक दिवसही नागरिक म्हणून राहता आले नाही, त्या पोलिश मुलांच्या मनात ते गाव आयुष्यभर राहिले. २०१९ मध्ये तिथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा छावणीत वाढलेली काही माणसे म्हातारपणी इतका लांबचा प्रवास करून हजर राहिली. एखाद्या जागेवर जीव जडणे आणि त्या जागेवर हक्क असणे या दोन गोष्टी एकमेकींतून आपोआप निपजत नाहीत.

आणि दोन्ही असूनही शहर दार लावू शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला खोली मिळेना. पारशी लोकांच्या एका उतारशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेले. ओळखीच्या दोघांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी विचारणा केली. दोघांनीही असमर्थता सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला. हा माणूस परका नव्हता, निर्वासित नव्हता. संस्थानाचा अधिकारी होता. इथे शहराची वेस घरमालकाच्या उंबऱ्यावर होती. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हाच अनुभव येत होता: जन्मगावातच परकेपण. १९३१ मध्ये गांधीजींशी झालेल्या पहिल्याच भेटीत आंबेडकरांनी आपल्याला मायभूमी नाही असे सांगितले, त्यामागे बडोद्यासारखे कितीतरी दिवस होते. गाव सोडा आणि शहराकडे चला, हा त्यांचा आग्रहही याच अनुभवातून आलेला होता. शहरानेही अपमान केला, पण शहरात निदान ओळख पुसून जगण्याची फट होती. गावात तीही नव्हती.

आसऱ्यातली ही ओढाताण फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी १९९६ मध्ये स्त्रासबुर्ग येथे लेखकांच्या आंतरराष्ट्रीय संसदेसाठी तयार केलेल्या भाषणात मांडली. छळामुळे देश सोडावा लागलेल्या लेखकांना शहरांनी आसरा द्यावा, अशी या संसदेची चळवळ होती. राष्ट्रे दारे बंद करत असतील तर शहरांनी ती उघडावीत, असे देरिदांना वाटत होते. त्यांना हा विषय ऐकीव नव्हता. १९४० मध्ये फ्रान्सच्या विशी सरकारने अल्जीरियातल्या यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि १९४२ मध्ये बारा वर्षांच्या जाकला शाळेतून घालवून दिले. देरिदांच्या मते खरे आदरातिथ्य अट घालत नाही; आलेल्याचे नाव-गाव न विचारता दार उघडते. पण कायदा करायचा म्हटला की नाव विचारावे लागते, संख्या ठरवावी लागते, मुदत घालावी लागते. अट नसलेला आसरा कायद्यात बसत नाही, आणि कायद्यात न बसलेला आसरा टिकत नाही. दोन्ही एकाच वेळी सांभाळणे, ही शहराची कायमची कसरत.

मुंबईत ही कसरत तारखांच्या रूपाने दिसते. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, राज्य सरकारने फुटपाथवर राहणाऱ्यांच्या झोपड्या पाडून त्यांना गावी धाडण्याचे ठरवले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि माणसे फुटपाथवर राहतात ती जवळ काम मिळते म्हणून. मात्र फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मानला नाही. नोटीस द्या, पावसाळा संपू द्या, १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्या आणि मग हटवा, असा त्या निकालाचा व्यवहारातला अर्थ होता. तेव्हापासून मुंबईतल्या गरिबाचे शहराशी नाते कागदावरच्या तारखेने ठरत आले आहे. पात्रतेची तारीख पुढे १ जानेवारी १९९५ झाली, मग १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर मिळण्याची सोय झाली. प्रत्येक वेळी ती पुढे सरकली, पण सरकेल की नाही आणि कधी, हे आधी कुणालाच सांगता येत नव्हते. म्हणून झोपडपट्टीतल्या घरांत जुनी मतदारयादी, रेशनकार्ड, विजेचे पहिले बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाणी शिरले तरी भिजणार नाही अशा उंच फळीवर ठेवलेले असते. घर पाडायला पथक आले तर बाकीचे सामान राहिले तरी चालते. ती पिशवी आधी बाहेर काढतात.